वाळूच्या पेटीतली खचदरी: या वेळी तिरकी ओढ

खचदरी म्हणजे कवच ताणलं जाऊन मधला भाग खाली बसल्याने झालेली दरी. तिची छोटी प्रतिकृती मी वाळूच्या पेटीत करून पाहतो. पेटी मागच्या प्रयोगातलीच आहे: प्लायवूडचा तळ, एका बाजूला ॲक्रिलिकची काच, आणि सरकती भिंत ओढायला दहा मिमीचा आटेवाला गज. नट एक पूर्ण फेरा फिरवला की भिंत बरोबर दीड मिमी सरकते, त्यामुळे मोजपट्टीशी झटापट करावी लागत नाही. प्रमाण 1 सेंमीला 5 किमी धरलंय. वर 3 सेंमी कोरडी, बारीक चाळलेली वाळू, म्हणजे कवचाचा ठिसूळ भाग. थरांच्या खुणेसाठी मधेमधे रंगीत रांगोळी. खाली सिलिकॉनची पुट्टी, म्हणजे खोलवरचा तापून मऊ झालेला खडक. कुणी स्वस्तात काम व्हावं म्हणून काकवी वापरायच्या विचारात असेल तर नको. वाळू ती शोषून घेते आणि हळूहळू तीत बुडते.

नुसती वाळू सरळ ओढली तर काय होतं ते बहुतेकांनी पाहिलंच आहे. समोरासमोर कललेल्या दोन भेगा पडतात आणि मधला तुकडा खचतो. भेगांचा कल साधारण 60 अंश, म्हणून 3 सेंमी जाडीला वरती साडेतीन सेंमीच्या आसपास रुंदी मिळते. ही निव्वळ भूमिती झाली, त्यात फार मजा नाही. मजा पुट्टी आल्यावर सुरू होते, कारण मग वेग बोलू लागतो. घाईने ओढलं तर पुट्टी ताठर वागते, वाळूला घट्ट धरते आणि ताण पेटीभर पसरून भेगाच भेगा पडतात. सावकाश ओढलं तर सगळं एका पट्ट्यात गोळा होतं. मी सध्या दर दहा मिनिटांनी अर्धा फेरा देतोय. घरचे वैतागलेत, पण दरी नीट बसते.

या खेपेला पुट्टीचा जाड पट्टा ओढीच्या दिशेला काटकोनात न ठेवता तिरका ठेवला. डोळ्यांसमोर इथियोपिया होता. तिथल्या मुख्य खचदरीच्या काठांवरचे जुने मोठे प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या भेगा) ईशान्य-नैर्ऋत्य आहेत, पण दरीच्या तळावरचे तरुण प्रस्तरभंग, ज्यांना वोंजी पट्टा म्हणतात, ते जास्त उत्तरेकडे वळलेले आहेत. जुना कमकुवत पट्टा एका दिशेला आणि आजची ओढ त्याला तिरकी, असा मामला.

पेटीतही क्रम तोच आला. आधी पुट्टीच्या कडांवर, पट्ट्याला जवळपास समांतर अशा काठाच्या भेगा पडल्या. पुढे त्या मंदावल्या आणि तळावर आखूड भेगा उमटल्या, एकीच्या शेजारी एक, जराशा पुढेमागे सरकलेल्या, ओढीला काटकोनात यायला बघणाऱ्या. एक भेग संपते आणि शेजारची सुरू होते तिथे मधे न तुटलेला उतार राहतो. काचेतून हे काही कळत नाही. दिवा एका बाजूला अगदी खाली धरून वरून पाहावं, सावल्यांत सगळं दिसतं.

प्रत्येक टप्प्यानंतर खचलेल्या भागात निळी रांगोळी भरत गेलो, गाळ म्हणून. शेवटी स्प्रेने पाणी मुरवून खरवसाच्या वडीसारखा उभा काप घेतला. निळे थर सपाट नव्हते. मोठ्या भेगेकडे जाड आणि दुसरीकडे निमुळते होत गेलेले. दरी खचत असताना साचलेला गाळ असाच पाचरीच्या आकाराचा असतो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतल्या टांगानिका सरोवराच्या तळाखालीही हाच आकार आहे, फक्त तिथे मोठी भेग कधी पूर्व काठाला, तर कधी पश्चिम काठाला.

आता पेटीला न जमणारी गोष्ट. खरी खचदरी ताणत गेली तर तिचा पुढे समुद्र होऊ शकतो, पण वाळू कितीही ताणली तरी तिच्यातून समुद्र निघत नाही. कवच पातळ झालं की खालच्या प्रावरणावरचा (कवचाखालच्या तापलेल्या खडकाच्या जाड थरावरचा) दाब उतरतो, ते अंशतः वितळतं आणि बेसॉल्ट वर येतो. नवा सागरतळ बनतो तो याच बेसॉल्टचा, सुमारे 7 किमी जाडीचा. इथियोपियाच्या ईशान्येकडच्या अफार भागात सप्टेंबर 2005 मध्ये दब्बाहू ज्वालामुखीजवळ सुमारे 60 किमी लांबीचा डाइक, म्हणजे भेगेत उभ्या भिंतीसारखा शिरलेला वितळलेला खडक, घुसला आणि जमीन काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत फाकली. एरवी तिथे वर्षाला एक-दोन सेंमी ओढ असते, म्हणजे कित्येक शतकांचा साठलेला ताण काही आठवड्यांत सुटला. माझ्या मते भेगांपेक्षा डाइकच खरा कामकरी आहे, निदान खचदरी म्हातारी झाल्यावर. अफारमधल्याच दनाकिल या खोलगट भागाचा तळ आजही समुद्रसपाटीच्या शंभरेक मीटर खाली आहे. तांबड्या समुद्राचं पाणी तिथे येऊन आटल्यामुळे मिठाचे जाड थर साचलेत, आणि अफार लोक त्याच्या लाद्या कापून उंटांवर लादतात.

डाइकचा पुरावा पाहायला आफ्रिकेत जायलाच हवं असं नाही. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स (आज हिंदी महासागरातली बेटं) भारतापासून सुटलं. कोकण किनाऱ्याला साधारण समांतर, उत्तर-दक्षिण धावणारे बरेच डाइक आणि मुंबईच्या टेकड्यांत पश्चिमेकडे कललेले लाव्ह्याचे थर त्या फाटाफुटीशी जोडले जातात.

पुढच्या फेरीत पेटीच्या तळाला भोक पाडून सिरिंजने रंगवलेलं खाद्यतेल वाळूत सोडणार आहे, ओढ चालू ठेवून. तेल वाळूत झिरपून पसरेल अशी धास्ती आहे, म्हणून त्या भागात वाळूऐवजी जिलेटिनची लादी बसवायचा विचार चाललाय. जिलेटिन किती दाट लावावं, की भेग स्वच्छ पडेल पण लादी भिंतींपासून सुटणार नाही, हे कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाण कळवा.