आल्प्सच्या घाटात आम्ही दोघं आणि भाड्याची गाडी : माझा अनुभव

युरोपला जायचं ठरलं तेव्हाच ग्रुप टूर नको यावर आमचं दोघांचं एकमत होतं. आम्हाला तळी बघायची होती, डोंगर बघायचे होते आणि मनात येईल तिथं उतरून बघायचे होते, बसच्या काचेतून नाही. म्हणून म्युनिकला गाडी घ्यायची, ऑस्ट्रियातून इटलीत उतरायचं, कोमो तळ्यापर्यंत जायचं आणि स्वित्झर्लंडमधून परत म्युनिकला यायचं असा गोल आखला. गोलच का, तर एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली की त्याचा चार्ज अव्वाच्या सव्वा लावतात.

आधी कागदपत्रांचं सांगते. व्हिसाचा अर्ज जिथं जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, उतरणार कुठे त्यावर नाही, त्यामुळे विमान म्युनिकचं असूनही आमचा अर्ज इटलीकडे गेला. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. व्हिसा हातात आल्यावर परिवहनच्या साइटवरून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचा फॉर्म भरला, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या कॉप्या लावल्या, 1000 रुपये फी भरली, आरटीओतून एक वर्षाचं परमिट मिळालं. इटली आणि ऑस्ट्रियात आपल्या लायसन्ससोबत हे लागतंच. आणि ते आम्ही दोघांचंही काढलं. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांत परमिट फक्त नवऱ्याचं असतं, मग तो बिचारा दिवसभर रस्त्याकडे बघतो आणि डोंगर सगळे बायकोच्या वाट्याला येतात. दोघांनी आलटून पालटून चालवलं की दोघांनाही डोंगर मिळतात, मला तर या ट्रिपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

गाडी बुक करताना तीन गोष्टी पक्क्या केल्या होत्या. ऑटोमॅटिक हवी, कारण तिकडे न सांगता मिळते ती बहुतेक गिअरची. दुसरा ड्रायव्हर नावानिशी कागदावर हवा, नाहीतर त्याने चालवताना काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो. आणि कुठल्या कुठल्या देशात जाणार ते आधी लिहून द्यायचं. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मेन ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, रिम आणि काचांसकट.

स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची उजवी बाजू, हे सगळ्यांना माहीत असतं आणि खरं सांगायचं तर तासाभरात सवय होते. त्यापेक्षा लक्षात ठेवायचे नियम वेगळेच आहेत. जिथं काही बोर्ड नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. ऑटोबान म्हणजे जर्मनीच्या हायवेवर उजवीकडून ओव्हरटेक अजिबात नाही. आणि ट्रॅफिक तुंबायला लागलं की डाव्या लेनवाले डावीकडे सरकतात, बाकीचे उजवीकडे, आणि मधे अॅम्ब्युलन्ससाठी आपोआप वाट तयार होते, सायरन वाजायच्याही आधी! म्युनिकहून साल्झबुर्गच्या रस्त्यावर हे पहिल्यांदा बघितलं, आम्हीही सरकलो, आणि मागून खरंच अॅम्ब्युलन्स गेली तेव्हा पुण्याचा हायवे आठवून फार वाटलं की हे आपल्याकडे का होऊ नये. ऑस्ट्रियाच्या हायवेसाठी विनयेट म्हणजे टोलचा पास लागतो, तो बॉर्डरच्या आधीच पेट्रोल पंपावर घेतला.

त्झेल अम झे गावात तळ्याकाठी मुक्काम करून सकाळी ग्रोसग्लोकनर डोंगराच्या घाटरस्त्याला लागलो. हा वेगळ्या टोलचा रस्ता, विनयेट चालत नाही. 48 किलोमीटर, 36 मोठी वळणं, 1935 साली खुला झालेला, इंजिनिअर फ्रान्झ वालाक. वर जाताना नवरा चालवत होता. कायझर फ्रान्झ योसेफ्स ह्योह या पॉइंटवरून समोर 3,798 मीटरचा ग्रोसग्लोकनर दिसतो आणि खाली पास्टर्झ हिमनदी, म्हणजे तिचं जे उरलंय ते. 1963 साली बर्फापर्यंत खाली जायला छोटी रेल्वे बांधली होती, आता तिच्या खालच्या टोकापासून बर्फ कुठल्या कुठे मागे गेलाय. पायवाटेवर अमुक साली बर्फ इथपर्यंत होता अशा पाट्या आहेत, त्या वाचत उतरताना आम्ही दोघंही गप्प झालो. तिथं नुसता फोटो काढून निघू नका, त्या पाट्यांपर्यंत उतरा.

उतार मी घेतला. ऑटोमॅटिक असली तरी मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर ठेवायची, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, नाहीतर ब्रेक तापतात. वरंधा, ताम्हिणी चालवलेल्या माणसाला वळणांची भीती नसते, पण एक गोष्ट मात्र उलटी होते. आपल्याकडे डावं वळण आतलं आणि आवळलेलं, उजवं मोकळं. तिकडे उजवं वळण आतलं. हाताला वर्षानुवर्षांची सवय उलटी असल्यामुळे पहिली काही वळणं मी अगदी मोजून मापून, आधी बाहेर घेऊन मग आत कापत घेतली, मग हात बसला. इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाच्या आधी हा सराव झाला हे फार बरं झालं.

पुढे लिएन्झवरून इटलीत, मेरानो, मग सफरचंदांच्या बागांनी भरलेलं विन्शगाउ खोरं. तिथून थोडं उत्तरेला रेशेन तळं आहे, पाण्यातून नुसता चर्चचा घंटाघर वर आलेला. 1950 साली धरणाचं पाणी चढवलं तेव्हा ग्राउन गाव खाली गेलं, चौदाव्या शतकातला हा मनोरा तेवढा ठेवला. सगळे फोटो काढत होते, मला मात्र तिथून हलवेना. माझ्या आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, जुनं गाव उजनीत गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं तेव्हा आजी काठावर उभी राहून आमचं घर इथं, विहीर तिथं असं बोटाने दाखवायची. काठावर जुन्या गावाचे फोटो लावलेत, त्यातली घरं मी एकेक करून बघितली. त्या दिवशी स्टेल्व्हिओला जायचं होतं, नवरा म्हणाला राहू दे, उद्या जाऊ, आणि आम्ही तिथंच थांबलो. स्वतःची गाडी असली की असं थांबता येतं.

दुसऱ्या दिवशी प्राड गावाहून स्टेल्व्हिओ, 2,757 मीटर, या बाजूने 48 हेअरपिन, प्रत्येकावर नंबरची पाटी. खाली 48, वर जाल तसा आकडा उतरत जातो. 1820 ते 1825 मध्ये कार्लो दोनेगानीने हा घाट बांधला, घोडागाड्यांसाठी, त्यामुळे वळणं फार आवळलेली आहेत. सकाळी लवकर निघालो, नंतर बाइकवाले आणि सायकलवाले इतके येतात की चढाला एकामागून एक रांग लागते. 24 पर्यंत मी, पुढे तो. वळण दिसायच्या आधी वर मान करून वरून कोण येतंय ते शेजारच्याने सांगायचं, हे काम चालवण्याइतकंच मोठं आहे.

बोर्मिओतून उतरून कोमो. तिथले काठाचे रस्ते इतके अरुंद की दोन गाड्या जेमतेम जातात, म्हणून पार्किंगवालं हॉटेल बघूनच घेतलं आणि मेनाज्जिओ, बेलाज्जिओ, वारेन्नाला फेरीने फिरलो. इटलीच्या जुन्या गावांत लाल गोल असलेला झेडटीएलचा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचा बोर्ड दिसला की आत शिरायचं नाही, कॅमेरे असतात आणि दंड गाडीच्या कंपनीमार्फत घरी येतो.

परतीला श्प्ल्यूगन घाट, मग स्वित्झर्लंडमधलं कूर शहर. स्वित्झर्लंडचा विनयेट वर्षाचाच मिळतो, 40 फ्रँक, एका दिवसासाठीही तेवढाच, ऑनलाइन घेतला तर गाडीच्या नंबरवर. म्युनिकला टाकी फुल करून गाडी दिली, काउंटरवरच्या माणसाकडून गाडी ठीक असल्याची सही घेतली, डिपॉझिट काही दिवसांत मोकळं झालं. पुढच्या वेळी स्लोव्हेनिया, बोहिन्य तळं आणि व्रशिच घाट, चढ माझा आणि उतार त्याचा असं आत्ताच ठरलंय.