बोलणारी तलवार आणि दादाचे अकरा तास : माझा अनुभव

शनिवारी रात्री आमच्याकडे डी अँड डी चालतं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ. मी डीएम (गोष्ट चालवणारी), दादा फायटर (लढवय्या), वहिनी ड्रुइड (जादूने प्राण्याचं रूप घेणारी), दादाचा एक मित्र पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) आणि खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा विझार्ड (जादूगार). लेव्हल सहा. आम्ही फिफ्थ एडिशन खेळतो, तेही २०१४ चं, कारण पुस्तकं तीच आहेत घरात.

मला कधीपासून पार्टीला, म्हणजे या चौघांच्या गटाला, एक स्वतःचं डोकं असलेली तलवार द्यायची होती. हा प्रकार काही आजचा नाही, १९७४ च्या पहिल्यावहिल्या डी अँड डी मध्येही अशा तलवारी होत्या, बुद्धी आणि अहंकार दोन्ही आकड्यांत मोजलेल्या. म्हटलं आपणही करू.

तलवार बनवायचं काम एका संध्याकाळीत झालं. बुद्धी, शहाणपण, कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) तिन्हीसाठी चार-चार फासे टाकायचे आणि सगळ्यात लहान आकडा सोडायचा. कॅरिस्मा १६ आला. बोलणार कशी यासाठी शंभराचा फासा, ६० पर्यंत आलं असतं तर नुसत्या भावना कळवणारी झाली असती, ६१ ते ९० म्हणजे तोंडाने बोलणारी, माझं ७३ आलं. हेतूसाठी दहाचा फासा, त्यात निघालं की अमुक एका जातीच्या प्राण्यांचा नायनाट. कोणाचा ते मी ठरवलं, रूप बदलणाऱ्यांचा. इथे माझ्या डोक्यात वेअरवुल्फ (लांडगा होणारी माणसं) होते हो, आपल्या पार्टीत एक बाई दर लढाईत लांडगा होते हे त्या क्षणी खरंच आठवलं नाही. (दादा अजून मानत नाही.)

दादाने तलवार उचलली, शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) अट्यून झाला, म्हणजे तिच्याशी जोडला गेला, सगळं गोड. मी तिला चांगलं भारदस्त एल्फ नाव दिलं होतं, ते कुणालाही आठवेना. सारखी सूचना करते म्हणून वहिनीने तिचं नाव आत्याबाई ठेवलं. दादाच्या मुलीची आत्या मीच, तर काय ते समजून घ्या.

आता खरी गोष्ट. पुढच्या सेशनला गॉब्लिनांशी मारामारी, वहिनी लांडगा झाली आणि आत्याबाई किंचाळल्या. मी आयत्या वेळी पुस्तक उघडलं, तलवार आणि धरणाऱ्यात वाद झाला तर काय करायचं त्या भागावर बोट फिरवलं आणि डोळा थेट शेवटच्या परिच्छेदावर गेला. तलवार ताबा घ्यायचा प्रयत्न करते, तेव्हा धरणाऱ्याने कॅरिस्माचा सेव्ह (वाचण्यासाठी वीसचा फासा) टाकायचा, डीसी म्हणजे गाठायचा आकडा १२ अधिक तलवारीचा मॉडिफायर (कॅरिस्मावरून मिळणारी भर, १६ ला तीन). म्हणजे १५. दादाचा कॅरिस्मा ८, म्हणजे उणे एक, फायटरला कॅरिस्मा सेव्हची प्रोफिशियन्सी (सरावाची जादा भर) नाही, त्यामुळे त्याला फाशावर १६ किंवा वर हवं होतं. चारातून एकदा जमेल असं. त्याने टाकले ७. मग किती वेळ चार्म (तिच्या ताब्यात), त्याला बाराचा फासा, तितके तास. माझे आले ११.

अकरा तास! मी खूश. काय ड्रामा होणार म्हणून आनंदाने सांगितलं, दादा, आता आत्याबाई म्हणतायत त्या लांडग्याला मार. दादा म्हणाला मी नाही मारणार. मी म्हटलं तू चार्म झालायस, तिचं ऐकायचा प्रयत्न तुला करायलाच लागेल. त्याने वहिनीवर वार केला, लागला. परत वार, परत लागला. वहिनीचा लांडगा संपला, ती माणसात आली, तरी आत्याबाईंचं समाधान नाही. चार्म झालेल्याला मार बसला की परत सेव्ह टाकता येतो, तर पॅलाडिनवाल्याने डोकं चालवून दादाच्या शेजारी उभं राहून त्यालाच ठोकायला सुरुवात केली. चार वेळा ठोकला, दादा चारही वेळा नापास, हिट पॉइंट (अंगातला जीव) तेवढे गेले. गॉब्लिन लांब उभे राहून बघतायत असं मी वर्णन केलं, कोणी हसलं नाही. अडीच तास हे चाललं. शेवटी दादा फासे टेबलावर ठेवून गॅलरीत गेला आणि म्हणाला, "तूच खेळ दोन्हीकडून, मला कशाला बसवलंयस?"

पुढचे दोन शनिवार गेम झाला नाही. एकदा म्हणे ऑफिसचं काम, एकदा म्हणे डोकं दुखतंय. मला राग आला होता खरं तर, नियम पुस्तकातला आहे, मी घरी बनवला नाही, मला का ऐकवतोस. आई म्हणाली एका तलवारीसाठी भावंडं बोलत नाहीत, नवल आहे.

दुसऱ्या शनिवारी एकटीने बसून तो भाग नीट वाचला आणि मला घाम फुटला. आधी काय आहे? आधी तलवार आणि धरणारा दोघांनी कॅरिस्माचा चेक समोरासमोर टाकायचा. तलवार जिंकली तर तिने *मागणी* करायची. मला कायम जवळ ठेव, मला न आवडणारी वस्तू फेकून दे, बाकी सगळं सोडून माझंच काम कर, नाहीतर मला दुसऱ्याला देऊन टाक. ती मागणी नाकारली तर मग पुढचं, आणि त्यातही तीन गोष्टी. अट्यून होऊ न देणं, स्वतःचे गुण बंद करणं आणि ताबा घ्यायचा प्रयत्न. मी पहिल्या दोन पायऱ्या आणि अर्धी तिसरी गाळून थेट तिथे पोचले होते! आणि एवढ्यावर थांबलं नाही. दादाचं कॅरॅक्टर वुड एल्फ जातीचं. एल्फला चार्मविरुद्ध दोन फासे टाकून चांगला घेता येतो, हे त्याच्या कॅरॅक्टरच्या शीटवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, मी बघितलं नाही, तोही विसरला. नुसतं तेवढं लक्षात असतं तर २५ टक्क्यांचे ४४ झाले असते. त्यात पॅलाडिनचा सहाव्या लेव्हलचा ऑरा (भोवतीचं वलय), १० फुटांच्या आतल्या मित्रांच्या सेव्हमध्ये त्याचा कॅरिस्मा मिळवायचा, त्याचा तीन आहे. म्हणजे ६४ टक्के. म्हणजे पॅलाडिन ज्या वेळी शेजारी उभा राहून दादाला ठोकत होता त्याच वेळी त्याच्या ऑरामुळे दादा सुटायला हवा होता, आणि आम्ही चौघं पाचजण ढिम्म. माझी चूक मी दादाला फोनवर सांगितली, तर तो आधी एक मिनिट गप्प आणि मग म्हणाला, "ऑराचं तू नाही, तो गाढव विसरला." तिथे वाद मिटला.

मग परत बसलो. आता कोणी करणार असेल तर सांगते, क्रम लावत नाही, आठवेल तसं. ताबा घेण्याचा प्रयत्न फसला तरी उद्या पहाटेपर्यंत परत करता येत नाही, हे आधीच सर्वांना मोठ्याने सांगा. तलवारीच्या कानांचाही नियम आहे, ३०, ६० किंवा १२० फूट, आमच्या आत्याबाईंचे ६०, त्यामुळे पार्टी महत्त्वाचं बोलायला ७० फुटांवर जायला लागली, आणि त्यावरून जे विनोद झाले ते मी ठरवून कधी केले नसते. अट्यून व्हायच्या आधी त्या खेळाडूला बाजूला घेऊन विचारा, कॅरॅक्टर हातातून जाणं चालेल का. नाही म्हणाला तर ताबा विसरा, मागण्यांवर भागतं. आणि तलवारीचा हेतू ठरवताना पार्टीच्या शीट उघडून बघा, प्लीज.

मागण्यांमध्ये खरी मजा होती. आत्याबाईंनी दादाला लांडग्याच्या कातडीचा अंगरखा फेकायला सांगितलं, तो वहिनीने दिलेला. दादा नाही म्हणाला, तर त्यांनी पेट घेणं बंद केलं (हा गुण मी दिला होता, पात्याला आग लागायचा). तीन लढाया थंड लोखंड. चौथ्या रात्री दादा तलवार मांडीवर घेऊन बसला आणि चक्क समजूत घालायला लागला, की ड्रुइड जादूने लांडगा होते, रोग म्हणून नाही, बघ की तिची शुद्ध हरपत नाही. मी तलवारीच्या बाजूने उत्तरं देत होते आणि मध्येच माझी फजिती झाली, कारण उत्तर संपलं. तेव्हा वहिनी म्हणाली, आत्याबाईंचा आवाज मला दे, माझ्या विरोधात बोलायला मला जास्त सुचेल.

तेव्हापासून आवाज तिचा, फासे माझे. काल तिने दादाकडे मागणी केली आहे की मला दुसऱ्याला देऊन टाक, शक्यतो त्या लांडगीला.