घरच्या लेथवर स्टर्लिंग इंजिन: बेडपासून बोअरपर्यंत

नव्या बेंच लेथवरचं (टेबलावर मावणाऱ्या, धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावरचं) पहिलं मोठं काम म्हणून गरम हवेवर चालणारं स्टर्लिंग इंजिन घेतलंय. रॉबर्ट स्टर्लिंगने 1816 मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत ना बॉयलर, ना व्हॉल्व्ह. पण छोट्या इंजिनाची ताकद इतकी तुटपुंजी असते की कुठे जरा घासलं तरी ते फिरत नाही. त्यामुळे भोकं सरळ आणि एकाच अक्षावर हवीत, हीच खरी परीक्षा.

कापाकापीआधी बेडचा, म्हणजे लेथच्या लांब बैठकीचा, पीळ काढला. 25 मिमीचा गज चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत) धरायचा, टेलस्टॉकचा (समोरच्या टोकाच्या टेकूचा) आधार द्यायचा नाही, आणि साधारण 100 मिमी अंतरावर दोन पट्टे ठेवून मधला भाग खाली घ्यायचा. मग क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता, धारदार एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने दोन्ही पट्ट्यांवर एकच बारीक कट. मायक्रोमीटरने लांबचा पट्टा जाड निघाला, तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून पुन्हा कट घ्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी यात घातलेली संध्याकाळ पुढच्या प्रत्येक जॉबला उपयोगी पडते.

पहिला भाग डिस्प्लेसर (हवा गरम आणि थंड टोकांमध्ये ढकलणारा सैल दट्ट्या) सिलिंडरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. सिलिंडरमध्ये बसणारा बाहेरचा खांदा आणि दांड्याचं 6 मिमीचं भोक, दोन्ही एकाच पकडीत केलं. जॉब चकमधून सोडलाच नाही, की चकचा रनआउट (फिरताना अक्षावरून हलणं) मध्ये येतच नाही. तीन जबड्यांचा चक असल्या कामाला पुरेसा आहे.

भोकासाठी सेंटर ड्रिल, मग 5.5 चं ड्रिल, मग छोट्या बोअरिंग बारने (भोक आतून कापणाऱ्या दांड्याने) 5.8, आणि शेवटी 6 मिमीचा एच7 (नेमक्या मापाच्या भोकाचा) रीमर. मधलं बोअरिंग गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. रीमर माप आणि गुळगुळीतपणा देतो, दिशा देत नाही. ड्रिल तिरकं गेलं असेल तर तोही त्याच वाटेने तिरका जातो. सरळपणा एकाच टोकाने कापणाऱ्या टूलनेच, म्हणजे बोअरिंग बारनेच, येतो. रीमरला ड्रिलच्या निम्मा वेग, भरपूर रॉकेल, आणि बाहेर काढतानाही उलटं फिरवणं नाही.

पॉवर सिलिंडर (पिस्टन ज्यात चालतो तो) बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, 16 मिमी बोअरचा. बिड सुकंच कापलं. इथे बोअरिंग बारने बरंच शिकवलं. बारचं वाकणं बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं: लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोरात बार आठपट वाकतो. पोलादी बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही, हा नियम त्यातूनच आलाय. भोकात मावेल तितका जाड बार घेतला आणि शेवटी कट न वाढवता दोन-तीनदा तसाच फिरवला. दरवेळी थोडा कीस निघाला. म्हणजे बार तोवर वाकलेलाच होता.

दुसरं तोंड करण्यासाठी सिलिंडर उलटा धरला, आणि तिथे चार जबड्यांचा चक लागला, ज्यात प्रत्येक जबडा वेगळा सरकतो. लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) थेट तयार बोअरमध्ये लावली. समोरासमोरच्या जबड्यांची एक जोडी घ्यायची, जास्त-कमी वाचनांतला फरक निम्मा करून तेवढंच सरकवायचं, मग दुसरी जोडी. तोंडाशी काटा स्थिर झाला की डायल आत नेऊन पुन्हा बघायचं. तिथे हलला तर जॉब कललाय. तो नरम हातोडीने हलके ठोकून सरळ होतो. माझा काटा दोन्हीकडे 0.01 मिमीच्या आत आला तेव्हा फार आनंद झाला.

आता पिस्टन. तोही बिडाचाच, रिंगशिवाय. बोअरपेक्षा किंचित मोठा ठेवून लॅपिंगने (बारीक पेस्टने घासून) उतरवणार आहे. बोअरचं खालचं टोक बोटाने बंद केल्यावर पिस्टन हवेवर तरंगला पाहिजे, आणि बोट काढताच स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे. हे जमेपर्यंत फ्लायव्हीलला हात लावणार नाही.