मिटलेली मूठ आणि डॉक्टरांचा शोध

माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा अमेरिकेतल्या तातडीच्या उपचारांचा वेग मी जवळून पाहिला, आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. अडचण सुरू झाली ती जीव वाचल्यानंतर. पाय हळूहळू टेकू लागला, बोलणे पहिल्यापासून स्पष्ट होते. पण चौथ्या महिन्यात डाव्या हाताची मूठ जी मिटली, ती काही केल्या उघडेना. रोज सकाळी कोमट पाण्यात हात धरून मी एकेक बोट सोडवत असे, तेव्हा तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या दिसत आणि आतल्या ओलीने कातडी पांढरी पडलेली असे. न्यूरॉलॉजिस्टांनी स्कॅन पाहून सारे स्थिर असल्याचे सांगितले, थेरपिस्ट मन लावून व्यायाम करून घेत होत्या; तरीही या मुठीचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

शेवटी रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनीच सुचवले की फिजिअ‍ॅट्रिस्टना दाखवा. मी हा शब्द प्रथमच ऐकत होते. विमा कंपनीला फोन केला तर तिथल्या बाईंनी मनोविकारतज्ज्ञांची, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्टांची यादी पाठवली. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा फिजिओथेरपीच्या केंद्रांची यादी आली. नावांच्या या गोंधळात आमचे तीन आठवडे गेले, म्हणून आधी नावाचाच उलगडा करते. फिजिअ‍ॅट्रिस्ट हे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या शाखेचे पूर्ण डॉक्टर असतात. वैद्यकीय पदवीनंतर त्यांना चार वर्षांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यातले एक वर्ष सर्वसाधारण वैद्यकाचे आणि तीन या विषयाचे. दुसऱ्या महायुद्धातून हातपाय गमावून किंवा मणक्याला इजा होऊन परतलेल्या सैनिकांमुळे या शाखेची निकड येथे साऱ्यांना पटली आणि १९४७ मध्ये तिचे स्वतंत्र प्रमाणन मंडळ स्थापन झाले. भारतातही ही शाखा आहे. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची या विषयाला वाहिलेली संस्था १९५५ पासून आहे. तरीही ‘फिजिओ’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यायाम करून घेणारी व्यक्तीच येते. औषध, इंजेक्शन, पट्टा आणि व्यायाम यांची एकत्र आखणी करणारा डॉक्टर असतो, हे ठाऊक नसते.

योग्य यादी हाती आल्यावरही काम सोपे झाले नाही. या शाखेतले बरेच डॉक्टर पाठदुखी, मणक्यातील इंजेक्शने किंवा खेळातल्या दुखापती यांतच काम करतात. मी फोन केलेल्या पहिल्या तिन्ही दवाखान्यांनी पक्षाघाताचे रुग्ण घेत नसल्याचे सांगितले, आणि त्यातल्या एका ठिकाणी तर हे कळायला मला दीड महिन्यानंतरची वेळ घेऊन प्रत्यक्ष जावे लागले. त्यानंतर मी फोनवर पहिला प्रश्न एकच विचारू लागले: पक्षाघातानंतरच्या स्नायूंच्या ताठरपणासाठी डॉक्टर बोटुलिनमची, म्हणजे ताठर स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शने स्वतः देतात का? या प्रश्नाने निम्मा शोध संपला. ज्यांना मेंदूची इजा, मज्जारज्जूची इजा किंवा लहान मुलांचे पुनर्वसन यांसाठी डॉक्टर हवे असतील, त्यांनी त्या उपशाखेचे वेगळे प्रमाणपत्र आहे का, हे जरूर विचारावे. डॉक्टरांचे प्रमाणन येथे इंटरनेटवर विनामूल्य तपासता येते. आम्हाला अखेर डॉक्टर सापडल्या त्या एका पुनर्वसन रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. आज वाटते की शोध तिथूनच सुरू करायला हवा होता.

त्याहून मोठी हळहळ दुसऱ्याच गोष्टीची आहे. पहिल्या रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच फिजिअ‍ॅट्रिस्टचा सल्ला मागता येतो, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुनर्वसन रुग्णालयात भरती व्हायचे तर रुग्णाला साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, दिवसाला तीन तास थेरपी झेपली पाहिजे, असा येथला दंडक आहे. माझ्या पतींना ती झेपली असती, असे मला आजही वाटते. तुमच्यापैकी कोणाचे आप्त येथे रुग्णालयात असतील, तर घरी सोडण्याची तारीख ठरण्याआधी हा सल्ला मागून घ्या.

आम्हाला अखेर सापडलेल्या त्या डॉक्टरांनी स्कॅनच्या आधी पतींचा डावा बूट हातात घेतला. तळ पुढच्या बाजूला बाहेरच्या कडेने झिजला होता. त्यावरून पाऊल आत वळते आणि चवडा घासतो, हे त्यांनी ह्यांना चालवून पाहण्याआधीच सांगितले. मग विचारले, “या हाताने तुम्हाला पुन्हा काय करायचे आहे?” इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पती क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “पेटीचा भाता.” डॉक्टरांनी पेटी पाहिलेली नव्हती. मी फोनवर पतींचे पेटी वाजवतानाचे जुने चित्रीकरण लावले. त्यांनी ते दोनदा पाहिले, डाव्या हाताची बोटे कुठे असतात ते थांबवून न्याहाळले, आणि मनगटापेक्षा बोटे मिटणाऱ्या स्नायूंवर अधिक भर द्यायचा, असे ठरवले. विमा कंपनीची पूर्वपरवानगी यायला अडीच आठवडे लागले. इंजेक्शने सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू पाहून दिली गेली आणि पावलासाठी पोटरीपासून चवड्यापर्यंतचा हलका प्लास्टिकचा आधार करून मिळाला.

या औषधाचा परिणाम काही दिवसांनी दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो, त्यामुळे व्यायामाची खरी संधी त्याच काळात असते. दहाव्या दिवशी सकाळी कोमट पाण्यात हात धरला तेव्हा करंगळी माझ्या बोटाने स्पर्श करताच सुटली आणि तळव्यावरच्या खुणा पुसट झालेल्या दिसल्या. कपाटावरची पेटी आता बैठकीच्या खोलीत टेबलावर आली आहे. पती रोज दहा मिनिटे डावा तळवा भात्यावर ठेवून तो दाबतात; सूर मी धरते.