गेमसाठी कुठलं लिनक्स टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला वेंगुर्ल्यात माझ्याकडे लॅपटॉप घेऊन येणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न असतो : "काका, गेम खेळूक खयचा लिनक्स टाकू?" मी उलट विचारतो, आधी गेम सांग.

व्हॅलोरंट, फोर्टनाइट किंवा पबजी म्हणालात, तर विंडोज सोडू नका. त्यांचं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सला उभं करत नाही. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठलंही टाका, तेच. जीटीए फाइव्हची स्टोरी चालते, ऑनलाइन लिनक्सवर 2024 पासून बंद आहे. काउंटर-स्ट्राइक 2 आणि डोटा 2 तर थेट लिनक्सवर येतात. विंडोजसाठीच बनलेले बाकीचे बरेचसे गेम स्टीम या गेमच्या दुकान-ॲपमधलं प्रोटॉन नावाचं साधन चालवून घेतं. स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने ते 2018 मध्ये आणलं. तुमचा गेम प्रोटॉनडीबी या साइटवर शोधा, तिथे गेम लिनक्सवर कितपत चालतो याचा शेरा असतो. गोल्ड किंवा प्लॅटिनम दिसलं तर बहुधा अडचण येत नाही.

आता डिस्ट्रो. (काली मागणारेही येतात. नाव भारी वाटतं, पण ते सिक्युरिटी टेस्टिंगवाल्यांचं काम. नको.) जुना, एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप असेल तर डोळे मिटून मिंट. ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा, रीस्टार्ट. मेनू खाली डावीकडे, विंडोजसारखाच, त्यामुळे घरातली मोठी माणसंही कुरकुरत नाहीत.

एएमडीचं नवं ग्राफिक्स कार्ड असेल, मशीन फक्त गेमसाठीच असेल, तर बाझाइट बघा. ते फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभं आहे आणि स्टीम आधीच बसवलेलं येतं. मला ते आवडतं ते मात्र पावसाळ्यामुळे. आपल्याकडे जूनमध्ये वारा सुटला की लाइट गेलीच. मिंट अपडेट होत असताना बॅटरी मेलेला लॅपटॉप असा बंद पडला, तर पॅकेजेस अर्धवट बसतात आणि टर्मिनलमध्ये जाऊन, कमांड टाइप करून, ती निस्तरावी लागतात. बाझाइट चालू सिस्टीमला हात न लावता नवी बाजूला तयार करतं; ती रीस्टार्टनंतरच लागू होते. मध्येच लाइट गेली तरी जुनी जशीच्या तशी. नवीत काही बिघडलं तर बूट मेनूतून आदली निवडा. फक्त त्याची अपडेट्स जड असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवत असाल तर मिंटच परवडेल. त्याची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) सुद्धा साधारण 3 जीबीची, बाझाइटची दुपटीहून मोठी.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला सांगावी लागते. जुन्या डी ड्राइव्हवरचे गेम लिनक्समधल्या स्टीमला दाखवले की यादीत दिसतात, पण प्ले दाबल्यावर पुष्कळदा काहीच होत नाही. तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमधला, असतो आणि प्रोटॉनचं त्याच्याशी जमत नाही. फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे काढून घ्या, मग ड्राइव्ह ईएक्सटी4 या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करा.