रेपर्टरीतला पहिला सीझन

रेपर्टरी म्हणजे नेमकं काय असतं ते मला आत गेल्यावरच कळलं. त्याआधी राज्य नाट्य स्पर्धा केल्या होत्या, पण तिथं दोन-अडीच महिने एकच नाटक घासायचं, सांगली केंद्रावर एक प्रयोग करायचा, निकाल लागला की विषय संपला. रेपर्टरीत तेच दहा-बारा नट वर्षभर एकत्र, महिन्याचं ठरलेलं मानधन, आणि तीन नाटकं कायम उभी. शुक्रवारी एक, शनिवारी दुसरं, रविवारी सकाळी बालनाट्य. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची रेपर्टरी १९६४ पासून आहे, पण आपल्या जुन्या नाटक मंडळ्या तरी दुसरं काय करायच्या, एकाच गावात मुक्काम टाकून आज हे नाटक उद्या ते नाटक. म्हणून मला ही पद्धत बाहेरची कधी वाटलीच नाही.

घरी बाबांचं म्हणणं होतं बीकॉम झालंय तर बँकेच्या परीक्षा दे. मी एक वर्ष मागितलं, आईमुळं मिळालं.

माझ्या वाट्याला आलं ते असं: संगीत नाटकात नायिकेची दासी, दोन अंकी सामाजिक नाटकात पन्नाशीची आई, आणि बालनाट्यात कासव. माझं वय तेव्हा तेवीस. ज्या नाटकात काम कमी, त्यात ड्रेपरी म्हणजे नटांचे कपडे, नाहीतर प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू सांभाळायच्या, प्रयोग संपला की सगळ्यांनी मिळून सेट उतरवून टेम्पोत भरायचा, मग जेवण. सकाळी दहाला परत तालीम.

पाठांतराची मला कधीच भीती नव्हती. वहीत हातानं संवाद लिहायचे, समोरच्याचा क्यू, म्हणजे ज्या शब्दांवर आपण बोलायचं ते, लाल पेननं, आणि संध्याकाळी घाटावर बसून आयर्विन पुलाकडं बघत म्हणायचे. तीन वह्या केल्या होत्या. आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हा म्हणे सूत्रधार पदं गायचा आणि नट त्यावरून आयत्या वेळी आपलं आपण बोलायचे, लिहिलेले संवाद पाठ करायचा प्रश्नच नव्हता. हे मला फार आवडायचं, पण आमच्याकडं संहितेतला एक शब्द इकडचा तिकडं झाला की समोरच्याचा क्यू जातो.

आणि कराडला तेच झालं. सामाजिक नाटकाचा दुसरा अंक, मुलगा रात्री उशिरा घरी येतो आणि म्हणतो, "अजून जागीच आहेस?" संगीत नाटकात नायिका दासीला जवळजवळ हेच विचारते, आणि आदल्या रात्री सांगलीत आमचा तोच प्रयोग झाला होता. माझ्या तोंडून निघालं, "आपली वाट पाहत होते, ताईसाहेब." एकदम अंगात गारठा भरला, पुढचं काहीच आठवेना. मुलाचं काम करणाऱ्या दादानं माझा खांदा धरला आणि शांतपणे म्हणाला, "आई, झोपेत बोलतीयस का गं? चल, आत चल." प्रेक्षकांना कळलं नाही, पण विंगेत आल्यावर मी थरथरत होते, पदर तोंडात धरून रडले.

आमचे दिग्दर्शक सर ओरडले नाहीत. म्हणाले, उद्या सातला ये. मला वाटलं आता वही घेऊन बसवतील, पण त्यांनी वहीला हात लावू दिला नाही, नुसतं चालायला लावलं, आई कशी चालते ते दाखव. मी चालले तर ती माझीच चाल, कंबरेत जरा वाकलेली, बस. तेव्हा मेकअपवाले काका चहा घेऊन बसले होते, ते म्हणाले, "पोरी, तू तोंडानं आई होतीयस, पायानं नाही."

त्या दिवशी मी घरी आईच्या पायाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. तिची स्लीपर उजव्या टाचेला आतल्या बाजूनं पार झिजलेली, कारण डावा गुडघा दुखतो म्हणून सगळा भार उजवीकडं. ती स्लीपर मी मागून घेतली आणि तिला नवीन आणून दिली. दासी अनवाणी, पायात पैंजण, पावलं बोटांवर. कासवाला गुडघ्याला पॅड बांधून रांगायचं. महिनाभर सकाळी एकेक तास नुसते हे पाय. मग नियमच केला, पहिल्या घंटेच्या आधी त्या रात्रीचं जे काही पायात असेल ते घालायचं आणि मेकअप रूममध्ये कुणाशी न बोलता दहा मिनिटं फिरायचं, वही उघडायची नाही. माझ्यासारखं कुणी एकाच वेळी दोन-तीन भूमिका करत असेल तर हे करून बघाच, कळकळीनं सांगतीय.

फेब्रुवारीत परत कराड, तेच थिएटर. आणि आदल्या दिवशी परत संगीत नाटकाचाच प्रयोग. दुसरा अंक आला, दादा दारातनं आत आला, "अजून जागीच आहेस?" मी उठले, उजवी टाच त्या झिजलेल्या खड्ड्यात बरोबर बसली, गुडघ्यावर हात आपोआप गेला, आणि वाक्य आलं, "भात झाकून ठेवलाय, हात धू आधी." दादा क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, मग हात धुवायला गेला.