तरी अजून चर्चला जातेस?

पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. या खेपेला एका डोहाळजेवणात, हातात मसालेभाताची ताटली असताना. “तुम्ही अमेरिकेत कॅन्ससला, त्या विचिटात राहता ना? तिथे गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला चर्चमध्येच गोळी घातली होती. तुमच्याच लोकांनी. आणि तू तरी अजून चर्चला जातेस?”

‘तुमच्याच लोकांनी’ म्हटलं की मी आधी तडकते. मग “तो माथेफिरू होता हो” म्हणते आणि ताटलीत बघते. हे उत्तर खोटं आहे. त्या डॉक्टरला, जॉर्ज टिलरला, मारणाऱ्या स्कॉट रोडरवर जानेवारी २०१० मध्ये खटला चालला, तेव्हा त्याने स्वतः साक्ष दिली आणि खून कबूल केला. त्याआधीही तो पिस्तूल घेऊन त्या चर्चमध्ये येऊन गेला होता. ज्यूरीला दोषी ठरवायला ३७ मिनिटं लागली. वेडेपणाचा बचाव त्याच्या वकिलांनीसुद्धा केला नाही. मी मात्र सोळा वर्षं करतेय.

मी नगरची. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणायची, भेटलं की सलाम. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ‘पिशवी साफ करायला’ आलेल्या बायकांची उशापायथ्याची सेवा तिने आयुष्यभर केली, आणि त्यावरून घरात कधी प्रवचन झालं नाही. मग मी विचिटात टिलरच्या क्लिनिकबाहेरच्या फुटपाथवर कशी पोचले? मुलामुळे. तो एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मला. दोन महिने तो काचेच्या पेटीत होता आणि दोन महिने चर्चच्या बायकांनी आमच्या घरी चूल पेटू दिली नाही. त्यातल्याच एकीने, तिला मी इथे मोठी बाई म्हणते, एका शनिवारी विचारलं, क्लिनिकबाहेर प्रार्थनेला येतेस का. तळहाताएवढ्या मुलाची आई नाही कशी म्हणेल?

त्या बायका १९९१ च्या उन्हाळ्याबद्दल वारीच्या आठवणी सांगाव्यात तशा सांगायच्या. सहा आठवडे देशभरातून लोक आले, क्लिनिकच्या दारात आडवे पडले, अडीच हजारांवर अटका झाल्या. १९९३ मध्ये टिलरच्याच दोन्ही हातांवर एका बाईने गोळ्या झाडल्या, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. वाचून कळलं.

आता पत्रकाबद्दल. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२००९ च्या एप्रिलमध्ये मोठ्या बाईने दोनशे पत्रकं घड्या घालायला माझ्याकडे दिली. पिवळा कागद, तीन घड्या. पुढे बाळाच्या पावलांचं चित्र, आत बायबलची वचनं, मागे डॉक्टरचा फोटो. फोटोखाली त्याच्या चर्चचं नाव आणि रविवारच्या उपासनेची वेळ. ‘या मंडळीला विचारा, याला प्रभुभोजन कसं देता?’ मुलगा मांडीवर झोपलेला आणि मी चमच्याच्या पाठीने घडी दाबतेय. चर्चचं नाव नेमकं मधल्या घडीवर यायचं. वाचता यावं म्हणून मी घडी थोडी वर घेतली.

३१ मे, पेंटेकॉस्टचा रविवार. आमच्या चर्चमध्ये दारात उपासनेची पत्रकं वाटायची पाळी माझी होती. शहरात दुसरीकडे, रिफॉर्मेशन लुथरनमध्ये, टिलर तेच करत होता. दारात उभा राहून येणाऱ्यांचं स्वागत. बायको आत गायकवृंदात. दहाच्या सुमाराला त्याच्या डोक्यात गोळी घातली. आमच्याकडे बातमी फोनवर आली. पाळकसाहेबांनी कुटुंबासाठी प्रार्थना केली, नीट केली, त्यांना मी दोष देणार नाही. माझ्या मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “संपलं एकदाचं.” मी वळून पाहिलं नाही. कारण एका क्षणापुरतं मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

रात्री आईचा फोन. तिने एवढंच विचारलं, “देवळात मारलं? देवळात असेल हे त्याला कुणी सांगितलं?”

सगळ्या गावाला माहीत होतं, मी म्हटलं. ते खरंच आहे. निदर्शक कित्येक वर्षं त्या चर्चबाहेर उभे राहायचे. रोडरच्या हातात आमचं पत्रक पडलं असेल असं मानायला काहीही आधार नाही. सोमवारी मोठ्या बाईचा निरोप आला: उरलेली फाडून टाक, पत्रकारांशी बोलू नकोस, आपला संबंध नाही.

संबंध नाही हे मीही पुष्कळ घोकलं. पॉल हिलचं उदाहरण मी वकिलासारखी द्यायचे. फ्लोरिडातला प्रेस्बिटेरियन पाळक. हत्येचं समर्थन करतो म्हणून त्याच्या मंडळीने १९९३ मध्ये त्याला बहिष्कृत केलं, १९९४ मध्ये त्याने गर्भपात करणारे डॉ. ब्रिटन आणि त्यांच्यासोबतच्या जेम्स बॅरेटला मारलं. बघा, चर्चने आधीच बाहेर काढला होता! पण ‘गर्भपात हा खून आहे’ हे वाक्य तो बाहेर जाऊन नाही शिकला. वाक्य आमचंच. आम्ही ते म्हणून घरी जेवायला जायचो, त्याने शब्दशः घेतलं.

आणि तुमचंही चुकतं. तुम्हाला वाटतं एका बाजूला धर्म, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. टिलर चर्चमध्ये मेला. १९९८ मध्ये बफेलोजवळ गर्भपात करणारे डॉ. स्लेपियन वडिलांच्या स्मरणाची प्रार्थना करून सिनेगॉगमधून, ज्यूंच्या प्रार्थनाघरातून, घरी आले आणि स्वयंपाकघरात उभे असताना खिडकीतून गोळी लागली. १९६७ मध्ये, गर्भपात बेकायदा असताना, न्यूयॉर्कमधल्या २१ पाळक-रब्बींनी अडलेल्या बायकांना सुरक्षित डॉक्टर गाठून द्यायचं काम जाहीरपणे सुरू केलं. हे चर्च माझं नाही का? मग मी त्या चर्चमध्ये का जात नाही, असं तुम्ही विचाराल. काचेच्या पेटीच्या दिवसांत जेवण माझ्या ह्या चर्चच्या बायकांनी आणलं होतं, म्हणून. हे पुरेसं कारण आहे की नाही, ठाऊक नाही.

गर्भ म्हणजे नुसता मांसाचा गोळा, असं मला आजही म्हणता येत नाही. आईच्या हाताखालून गेलेल्या बायकांना पापी म्हणणंही जमत नाही. २ ऑगस्ट २०२२ ला कॅन्ससमध्ये गर्भपाताच्या हक्कावर मतदान झालं, सुमारे ५९ टक्क्यांनी हक्क राखला. मी कोणत्या बाजूला मत दिलं ते नवऱ्यालाही माहीत नाही.

मोठी बाई अजून तिसऱ्या बाकावर बसते. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा मी पातेलंभर पुलाव घेऊन गेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, बराच वेळ. तिने तो विषय काढला नाही. मीही नाही. पातेलं अजून तिच्याकडेच आहे.